मामाचं रक्त

शनिवार, १२ जुलै

जिंकलो. २–१. दुसरा गोल माझा, पेनल्टीवर. नऊ सामने कोरडे गेल्यावर पहिला! नाचायला हवं. मी मघापासून तोंड धुतोय.

हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून इथे.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती. एक-एक बरोबरी. वरून बॉल आला, मी उडालो, माझ्याबरोबर सेमी उडाला — त्यांचा फिजीचा बचावपटू, कपाटाएवढा माणूस. त्याचा हात माझ्या खांद्याला लागला. खांद्याला! मी तोंड धरून पडलो. त्यात विशेष काही नाही, आम्ही सगळेच पडतो. पण पडलो तो थेट जाळ्यात, आणि नाकासमोर त्यांच्या गोलीचा टॉवेल. पहिल्या हाफमध्ये त्या गोऱ्या पोराचं नाक फुटलं होतं आणि त्यानं ते त्यातच पुसलं होतं. टॉवेल लाल, ओला.

विचार केला असं म्हणवत नाही. हातानंच केलं. टॉवेल कपाळावर दाबला, भुवईवरून खाली ओढला, आणि उठून रेफरीकडे तोंड केलं. बस्स. एवढंच.

सेमीला लाल कार्ड. मला पेनल्टी. सेमी बाहेर जाताना वाद घालत नव्हता. स्वतःच्या कोपराकडे बघत चालला होता.

मैदानाबाहेर आमची बागेतली माणसं — इथे सफरचंदाची झाडं छाटायला आलेली माझ्याच वानुआटूची पोरं — टाळ्या वाजवून गात होती. त्यांच्यातल्या मोलीकाकानं सगळं फोनवर टिपलं. मी टॉवेल डोक्याला धरूनच आत गेलो.

हिनेवाईमावशी आमच्या दुखापती बघते. अख्खा संघ तिला मावशीच म्हणतो. तिनं कापूस ओला करून कपाळ पुसलं. पुन्हा पुसलं. मग चष्मा लावून बघितलं.

"कुठेय रे?"

मी टॉवेल पाठीमागे सरकवला.

"हे रक्त कुणाचं?"

मी खाली बघितलं. तिनं दाराकडे पाहिलं, बाहेर पोरं माझ्या नावानं ओरडत होती. मग तिनं भुवईवर, जिथे काहीही नव्हतं तिथे, पांढरी चौकोनी पट्टी चिकटवली. नीट, चारी कोपरे दाबून.

म्हणाली, "लावली मी. काढायची कधी ते तू ठरव."

टॉवेल माझ्या बॅगेत आला. का आणला? माहीत नाही. बाबा आमच्या गावच्या संघाचे गोली होते. त्यांचा टॉवेल कायम डाव्या खांबाच्या बुडाशी. लहानपणी एकदा मी त्याला नाक पुसलं म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. "गोलीच्या टॉवेलला हात लावायचा नाही, जेल्सन. मैदानात त्याचं स्वतःचं तेवढंच असतं."

रविवार, १३ जुलै

चर्चमध्ये पट्टीकडे बघून एका म्हातारीनं माझ्यासाठी प्रार्थना केली. मोठ्यानं! दुपारी मोलीकाका आणि बागेतली पोरं केळीच्या पानात बांधलेला लापलाप घेऊन आली. मी माझा वाटा पानात तसाच झाकून ठेवला.

मोलीकाका खुशीत. "व्हिडिओ पाठवला सगळीकडे. पोर्ट व्हिला, सांतो, मालाकुला, सगळीकडे! रक्त गळतंय आणि पठ्ठ्या पेनल्टी मारतोय! वाघ आहेस तू!"

आमच्याकडे वाघ नसतात, काका. डुकरं असतात.

मंगळवार, १५ जुलै

सरावाला गेलो तर पोरांनी नावच ठेवलंय — पट्टी. "ए पट्टी, बॉल दे!" मी हसतो.

ग्रॅहम, म्हणजे आमचे कोच, यांनी खांद्यावर हात टाकून बाजूला नेलं. म्हणाले, "मला असा खेळाडू हवा, पोरा. दुखलं तरी न रडणारा. पुढच्या दोन वर्षांचं बोलू आपण." महिनाभर हा माणूस माझी नजर चुकवत होता. मला वाटलं होतं सप्टेंबरात परतीचं तिकीट हातात ठेवणार.

सेमीला चार सामने बंदी. म्हणजे हंगाम संपला त्याचा. फिजीच्या संघाची निवडही याच महिन्यात आहे, तीही गेली असं कोणीतरी म्हणालं.

मावशीनं पट्टी बदलली. सगळ्यांसमोर. "छान भरतेय जखम," म्हणाली. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

गुरुवार, १७ जुलै

आज सेमी आला.

आम्ही तिघं क्लबच्या घरात राहतो. दोघं बाहेर गेलेले. दार वाजलं, उघडलं तर हा. इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगीसारखं नेसलेलं, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कावाचं मूळ — कुटून, पाण्यात कालवून पितात ते. मला वाटलं मारायला आला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो आत येऊन दाराशीच जमिनीवर बसला. मी खुर्चीत बसणार होतो, तशी हिंमत झाली नाही, मीही खाली बसलो. त्यानं कावा माझ्यासमोर ठेवला, तळवे खोलगट करून टाळ्या वाजवल्या, आणि मान वर न करता बोलला.

"भावा, मी तुझं रक्त काढलं. माझा कोपर लागल्याचं मला आठवत नाही. खरं सांगतो, नाही आठवत. पण रक्त सगळ्यांनी पाहिलं. माझं अंग मोठं आहे. कधी कधी मलाच कळत नाही ते कुठे लागतं. तुझ्या आईवडिलांची, तुझ्या गावाची माफी मागतो."

बोलायची वेळ होती. हीच होती! तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो — "असू दे, दादा."

कावाला हात लावला. घेतला म्हणजे माफ केलं, त्यांच्यातही आणि आमच्यातही. मी त्याला माफ केलं. मी!

जाताना त्यानं पट्टीकडे बघून विचारलं, "टाके पडले?"

"नाही, थोडक्यात निभावलं," मी म्हणालो. लगेच. खोटं बोलायला आता वेळही लागत नाही.

शुक्रवार, १८ जुलै

पट्टी स्वतः बदलली. खाली कातडी पांढरी पडलीय, चौकोनी. बाकी काही नाही. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या साध्या कपाळी पट्टी, तीही पांढरीशुभ्र.

रविवार, २० जुलै

लेनाताईचा फोन.

बाबा मामाकडे गेले.

पुन्हा लिहितो, कारण मला खरं वाटत नाही. बाबा, सेतरेकमामाकडे, गेले! होडीत डुक्कर घालून.

आमच्यात भाच्याचं रक्त मामाचं असतं. अंगात खेळतं ते आईकडून आलेलं, म्हणजे तिच्या भावांनी दिलेलं. ते सांडलं तर बापानं जाऊन मामाची माफी मागायची — तुमचं होतं, आम्हाला सांभाळता आलं नाही. शाळेत माझा गुडघा फुटला तरी बाबा कोंबडं काखेत मारून होडीत बसायचे. मामा कोंबडं घ्यायचा, माझ्या गुडघ्यावर पान चोळायचा आणि म्हणायचा, "भाच्या, असाच पडत जा, आमच्या घरात कोंबड्यांची चैन आहे!"

हे सगळं आई गेली तेव्हा थांबलं. समुद्र खवळलेला होता, मामाला त्याच्या बेटावरून निघता येईना. बाबांनी थांबायला हवं होतं. भावांनी बघितल्याशिवाय बहिणीवर माती टाकत नाहीत. बाबा नाही थांबले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मामा भिजलेल्या कपड्यांनी चालत आला, तर कबर बंद. तो तिथे उभा राहिला, पाणीसुद्धा न घेता परत गेला. त्याला सहा वर्षं झाली. आमच्या किनाऱ्यावरून मामाच्या चुलीचा धूर दिसतो. तरी ना हा गेला, ना तो आला.

आणि सहा वर्षांत माझं रक्त सांडलं नाही असं थोडंच आहे! ओठ फाटला, पायात टाके पडले. ते सगळं मी घरी कळू दिलं नाही. बाबांना जावं लागेल आणि ते जाणार नाहीत, मग गावात बोभाटा होईल, त्यापेक्षा नकोच. खरं रक्त लपवलं. दाखवलं ते हे.

ताई रडत होती, हसतही होती. "अरे, तुझा व्हिडिओ लाकातोरोच्या बाजारात कुणीतरी बाबांना दाखवला. त्यांनी फोन हातात धरून किती वेळा बघितला! पुन्हा लाव म्हणाले, पुन्हा लाव म्हणाले. घरी येऊन तो वळलेल्या सुळ्यांचा डुक्कर सोडला. तोच, पोरासारखा वाढवलेला! मी म्हटलं, बाबा, एवढ्या जखमेला एवढा डुक्कर? तर म्हणाले, गप्प बस, माझा चांगला शर्ट काढ."

मामाचं अख्खं गाव किनाऱ्यावर उभं होतं म्हणे. कुणी हाक मारली नाही. बाबा कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभे राहिले. कितीतरी वेळ. मग मामाच पाण्यात उतरला आणि त्यानं दोर हातात घेतला.

संध्याकाळी नाकामालात, म्हणजे गावच्या पुरुषांच्या बैठकीच्या घरात, दोघंच कावा प्यायला बसले. बाकी कुणाला आत येऊ दिलं नाही. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. लेनाताई म्हणाली, "जेल्सन, ते होडीत शीळ घालत होते!"

मी म्हटलं, "बरं झालं, ताई."

बरं झालं! माझ्या तोंडात किडे पडोत.

सोमवार, २१ जुलै

मामाचा फोन, चेहऱ्यासकट. केस पांढरे झालेत. मागे तीच विहीर, तेच फणसाचं झाड. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला आणि मला लहान मुलासारखं रडू फुटलं. त्याला वाटलं जखम दुखतेय.

"काय रे भाच्या, गोऱ्यांच्या देशात जाऊन डोकं फोडून घेतोस? आमचं रक्त काय रस्त्यावर पडलंय?"

"मामा..."

"रडतोस काय! फोन कपाळाला लाव. त्या पट्टीला. लाव म्हणतो ना!"

मी लावला. तिकडे त्यानं पान चावलं, आईच्या भाषेतलं काहीतरी पुटपुटला आणि फू करून फुंकर मारली. मी खाटेवर बसलेलो, कपाळाला फोन लावून, धडधाकट. क्लबचा एक पोरगा दारातून डोकावला आणि हळूच दार ओढून गेला.

"हं. आता बघू. पट्टी काढून दाखव बरं."

"अजून ओली आहे, मामा. मावशी काढू देत नाही."

मामा जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. सुकली की दाखव. घाई नाही."

मामाला अक्षरशः मामा बनवला मी. सख्ख्या.

बुधवार, २३ जुलै

सकाळी दाढी करताना पातं भुवईजवळ नेलं. एक लहानशी रेघ. सप्टेंबरात घरी गेलो की मामा बोटानं चाचपणार, तेव्हा काहीतरी लागायला हवं. व्रण असला की झालं. कुणाला काय कळतंय!

पातं ठेवून दिलं. भीतीनं नाही. ते रक्त त्याचं आहे. आधी त्याच्या नावानं खोटं बोललो, आता त्याच्याच घरात चोरी करू?

खरं सांगितलं तर बाबांचं काय? पाण्यात उभे राहिले ते सगळ्या गावानं बघितलंय. डुक्कर कापून झालाय, खाऊन झालाय. लोक म्हणतील, पोरानं सोंग केलं आणि बापानं सोंगाला डुक्कर दिला. बाबा पुन्हा त्या किनाऱ्यावर पाय ठेवतील का? मामा ठेवू देईल का? सहा वर्षांनी एकदा हे जुळलं, आणि ते माझ्या थापेवर उभं आहे. थाप काढली की सगळं खाली. आणि नाही काढली तर मी असाच, कपाळाला फोन लावून, जन्मभर.

देवा, चांगलं तरी व्हायला नको होतं यातून! नुसतं वाईट झालं असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

शनिवार, २६ जुलै

हरलो. आज खरंच पाडलं मला, घोट्यावर बूट ठेवून. रेफरी म्हणाला, ऊठ. बाहेरून मोलीकाका ओरडत होता, "रक्त दाखव त्याला, रक्त!"

सोमवार, २८ जुलै

ग्रॅहमनी करार टेबलावर ठेवला. दोन वर्षं. पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं. म्हणाले, "त्या रक्ताळलेल्या तोंडाचा फोटो आम्ही पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर घेतोय!"

मी म्हटलं, उद्या करतो सही. त्यांना वाटलं जास्त मागणार आहे. हसले.

तिथून निघालो तो पाय सेमीच्या घराकडेच वळले. बसमधून उतरल्यावर दोनदा परत फिरलो. त्याच्या दाराशी उभं राहून पट्टी काढली. गार वारा त्या जागेला लागला, तेवढंच काय ते लागलं तिथे आजवर.

सेमीनं दार उघडलं. त्यानं माझ्या कपाळाकडे बघितलं. मग डाव्या भुवईकडे, मग उजव्या. बिचारा जखम शोधत होता.

मी त्याचंच कावाचं मूळ त्याच्यासमोर ठेवून जमिनीवर बसलो आणि सांगितलं. टॉवेल, नाक, पेनल्टी, सगळं. सेमीनं आत हाक मारली, "लितिया, इकडे ये. आईला पण आण."

बायको आली, सासू आली. सासूच्या कडेवर दोन वर्षांची पोरगी.

"आता पुन्हा सांग," सेमी म्हणाला.

पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना अवघड गेलं नव्हतं इतकं आता गेलं. म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. कुणी मला ते सांगितलं नाही, पण कळलं.

सेमी उठला. मला वाटलं, आता. पण तो सासूकडे गेला आणि त्यानं पोरीला घेतलं. हळू, काचेचं भांडं घेतात तसं. छातीशी धरून उभा राहिला.

"त्या दिवसापासून मी हिला उचलली नव्हती," म्हणाला. "मला वाटलं, माझा हात कुणाला लागला ते मला कळत नाही, तर हिला कुठे लागून बसेल."

मी मान खाली घातली ती वर करता येईना. लोक म्हणतात धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तसं काही होत नाही. चटई तशीच राहते, आपण तसेच राहतो.

कावा परत देऊ केला तर म्हणाला, "दिलेलं मी परत घेत नाही. ते मी खरं दिलं होतं. राहू दे तुझ्या घरी, बघत बस त्याच्याकडे." आणि मग, "आता तुमच्या कोचला सांग. आणि रेफरींच्या मंडळाला. सामना पुन्हा होवो न होवो, माझ्या नावावर ते राहायला नको."

लितिया सोडायला बाहेरपर्यंत आली नाही. पण बस चुकली असेल म्हणून तिनं तिच्या भावाला गाडी काढायला लावली. मी म्हटलं, चालत जातो.

मंगळवार, २९ जुलै

सांगितलं. ग्रॅहमनी आधी दार लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सेमीला. त्याच्या घरच्यांना. आणि..." मावशीचं नाव घेतलं नाही.

"मग त्याच्याशी बोलू आपण. तू सही कर, हंगाम संपू दे, मग हळूच बघू. अरे, सगळे पडतात!"

मी म्हटलं, मी सकाळीच मंडळाला कळवलंय.

करार त्यांनी उचलून खणात ठेवला. पेनचं टोपण सापडेना, ते टेबलाखाली शोधत बसले. मग वाकल्यावाकल्याच म्हणाले, "जा बाबा तू आता." चौकशी होईपर्यंत मैदानात पाय ठेवायचा नाही.

मावशी बाहेर बर्फाच्या पिशव्या भरत होती. माझ्या कपाळाकडे बघितलं. "निघाली एकदाची," म्हणाली. "तुझं नाव सांगितलंस तसं माझंही सांगून आले मी. पट्टी माझ्या हातची होती ना!"

मोलीकाकाला कळलं तेव्हा एवढंच, व्हिडिओ पुसला म्हणाला. एकट्यानं पुसून काय होतंय. बागेतली पोरं रस्त्यात भेटली, त्यांनी झाडांकडे बघितलं.

गुरुवार, ३१ जुलै

मामाला फोन केला.

सगळं पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, "मामा, ते रक्त माझं नव्हतं. जखम नाही. कधीच नव्हती. त्यांच्या गोलीच्या टॉवेलचं होतं. बाबांना काही माहीत नाही, त्यांचा दोष नाही. ते खरंच आले होते. त्यांच्यावर राग धरू नकोस. डुक्कर मी भरून देईन, दुसरा वाढवीन, दोन वाढवीन, पण त्यांना पुन्हा..."

तिकडे वाऱ्याचा आवाज. मग टक् करून फोन बंद.

पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा. नाही. लेनाताईचाही लागत नाही.

संपलं. सहा वर्षांनी जुळलेलं मी एका दमात मोडलं. आई असती तर म्हणाली असती, जेल्सन, खरं बोलायला तुला हाच दिवस सापडला? पण दुसरा कुठला दिवस होता? आईच्या कबरीवर मामाला उशीर झाला. मला उशीर करायचा नव्हता, एवढंच. आणि तरी झालाच.

शुक्रवार, १ ऑगस्ट

फोन लागत नाही. कावाचं मूळ कोपऱ्यात आहे. बघत बसलोय.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी मामाचा आवाज आला, टिपून पाठवलेला. जसाच्या तसा लिहून ठेवतो.

"भाच्या, फोन मी नाही ठेवला, वाऱ्यानं टॉवर गेला होता. ऐक. तुझ्या बापानं मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. करवंटी तोंडाला लावायच्या आधी. म्हणाला, 'सेतरेक, रक्त खोटं आहे. पोरानं गोलीच्या टॉवेलला हात लावलाय. मी गोली होतो, मला दिसलं. हा डुक्कर त्याच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे. सहा वर्षं यायला निमित्त सापडत नव्हतं.' मग मला सांग, मी तुला फोन कपाळाला का लावायला लावला? बघत होतो, पट्टी कधी काढतोस! खरं सांगायला बापाला एक संध्याकाळही लागली नाही रे. तू तीन आठवडे घेतलेस. आता त्या गोऱ्या पोराचा मामा कोण आहे ते शोध, डुक्कर खरा त्याला लागतो!"

मग मामाचं हसणं, आणि मागून कुणीतरी खोकलं. तो खोकला मी कुठेही ओळखीन. बाबा. मामाच्या घरी, भल्या सकाळी.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "टॉवेल धुऊन परत दे म्हणावं."